दोनशे नऊ ते दोनशे चाळीस

४ मार्च

ठकू,

वर 'चि.' लिहावं की 'लेखिका महोदया', यात दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतं ठकू. अकरा वर्षांनी मावशीचं पत्र आलंय म्हणून लगेच फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

तुझ्या पहिल्यावहिल्या कादंबरीचं परीक्षण माझ्याच हातून झालं, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. वर तुझं टोपणनाव, आत फोटो नाही, लेखिकेची ओळख नाही. त्या आठवड्यात साप्ताहिकाच्या कचेरीत माझ्या टेबलावर बारा पुस्तकं येऊन पडली होती, त्यातलं ते एक. परवा दुसऱ्याच एका वर्तमानपत्रात तुझा फोटो छापून आला. केस कापलेस की. हनुवटी मात्र आईची, तशीच पुढे काढलेली.

मी काय लिहिलं ते तू वाचलंच असशील. तरी इथे उतरवते, म्हणजे पुढे तू म्हणायला नको की मावशीने शब्द फिरवले. 'नकाशे काढणाऱ्या पुरुषांच्या त्या जुन्या जगात शिरू पाहणारी ही महत्त्वाकांक्षी मुलगी दोनशे पानं आपल्याला बांधून ठेवते. मग आजारी आईला मावशीच्या हवाली करून ती राजाच्या नकाशेखान्याची परीक्षा द्यायला निघते, आणि पुढे पाहावं तर आईला जाऊन तीन आठवडे झालेले. आईचं मरण लेखिकेने एका ओळीत उरकलं आहे. त्याच्याकडे पाहायची तिची छाती झालेली नाही.'

यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. पुस्तक मी दोनदा वाचलं. लेखिका तू आहेस हे माहीत असतं तरी हेच लिहिलं असतं, कदाचित थोडं गोड करून.

तुला हे का झोंबलं असेल ते मला समजतं. तुझ्या आईचं मरण तूही पाहिलं नाहीस, आणि ते माझ्यामुळे. डॉक्टरांनी दोन दिवस सांगितले होते, आणि मी तुला म्हटलं, 'आई बरी आहे, तू जा, परीक्षा दे.' तू परत आलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. 'तू मला फसवलंस,' एवढं म्हणून तू गेलीस ती गेलीसच. मी तेव्हाही कबूल केलं होतं, आजही करते. माझी बहीण मरत होती आणि तुझं आयुष्य सुरू व्हायचं होतं. दोन्हींतलं एक मी निवडलं आणि बोल पदरात घेतला. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

मावशी

१९ मार्च

ठकू,

उत्तर नाही. ठीक आहे. हट्ट आपल्या घरात कमी नाही.

तुझ्या पुस्तकावर आणखी काय काय आलं ते मी कापून ठेवतेय. एका दैनिकात प्राध्यापक महाशयांनी अर्धं पान भरलंय. त्यांच्या मते 'आईचं मरण एका ओळीत उरकणं ही या कादंबरीची मूलभूत उणीव आहे'. 'उरकणं' हा शब्द कुठून आला ते तुला सांगायला नको. रेडिओवर एक बाई म्हणाल्या, लेखिकेची त्या प्रसंगाकडे पाहायची छाती झाली नाही. छातीसुद्धा माझीच. पदार्पणाच्या कादंबरीला बक्षीस देणाऱ्या समितीने अंतिम यादीतून तुझं पुस्तक काढलं, शेरा दिला: 'मध्यभाग पोकळ.' सगळ्यांनी माझी री ओढली. खोटं कशाला बोलू, पहिले दोन-तीन दिवस मला बरं वाटलं. अजून आपल्या शब्दाला वजन आहे म्हणायचं, असं मनात आलं. मग आठवायचं की ते वजन कुणाच्या डोक्यावर पडतंय.

आज एक पत्र आलं. एका निवृत्त नर्सबाईंचं, अक्षर मोठं आणि उभं. जसंच्या तसं देते. 'मी चाळीस वर्षं माणसं मरताना पाहिली. दोनशे नऊ ते दोनशे चाळीस या पानांवर जसं मरण आहे तसं खरं मरण मी कागदावर पूर्वी वाचलं नव्हतं. तुम्ही म्हणता एका ओळीत. बाई, तुमच्या प्रतीत ती पानं नव्हती का?'

याबद्दल आज काही लिहीत नाही. डोकं दुखतंय.

तुझा पत्ता मी पहिल्या पत्राआधीच तुझ्या प्रकाशकाकडून मिळवला होता. माझं नाव ऐकताच गृहस्थाचा आवाज बदलला. पत्ता दिला, पण दुसरी आवृत्ती थांबवली आहे हेही ऐकवलं आणि फोन आपटला.

मावशी

२ एप्रिल

ठकू,

सगळा उलगडा झाला. ऐक.

नर्सबाईंचं पत्र मी संपादकांना दाखवलं. आमचे संपादक माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला 'बाई' म्हणतात आणि माझ्या लेखातला स्वल्पविरामसुद्धा हलवत नाहीत. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, आणि उठून केबिनचं दार लावलं.

"बाई, तुमच्या प्रतीतले फर्मे गळाले असणार. सोळा पानांचा एक फर्मा, असे दोन. बाइंडिंगमध्ये होतं असं."

"प्रत बघायला लागेल," मी म्हटलं.

"बघायचं कशाला? गळालेच होते." मग म्हणाले, "गळालेच होते ना, बाई?"

मी हो म्हटलं.

गेल्या अंकात चौकट आली. 'परीक्षणासाठी मिळालेली प्रत सदोष असल्याने...' वगैरे. तर दोष ना तुझा, ना माझा. मरण तू लिहिलं होतंस, माझ्या हाती पडलं नाही, एवढंच. माझं मन हलकं झालं. तुझंही होईल.

आता एक गंमत. चौकट आल्याच्या दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांचा फोन. "माझ्याही प्रतीत ती पानं नव्हती हो!" संध्याकाळपर्यंत रेडिओवाल्या बाईंच्याही नव्हती. बक्षीस समितीच्या तीन सभासदांपैकी दोघांच्या नव्हती, तिसरे परगावी आहेत, परत आले की त्यांच्याही नसतील. मला हसू आवरेना. नंतर कळलं की तुझ्या प्रकाशकाने घाबरून दुकानांतल्या सगळ्या प्रती परत मागवल्या आहेत. मग हसू गेलं.

ते सावरेल. पुस्तक चांगलं असलं की सावरतं. मी हे जाणकार म्हणून सांगतेय, मावशी म्हणून नाही.

मावशी

१५ एप्रिल

ठकू,

आधीच्या पत्रांतलं खोटं कुठलं ते आता सांगते. सरळ लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा जमणार नाही.

आज दुपारी कचेरीत एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हात कोपरापर्यंत खरखरीत, अंगठ्याला चिकटपट्टी. आठवतं ना तुला माझं टेबल कुठे आहे? जिन्याखाली, मागे पुस्तकांचं कपाट, पुढे एक स्टूल. त्या स्टुलावर बसल्या नाहीत.

"तुमची ती फर्मे गळालेली प्रत बघायला आले," म्हणाल्या.

"तुम्ही कोण?"

"बाइंडिंगला असते. जुळणीच्या टेबलावर. एकेक फर्मा उचलून पुस्तक लावायचं, ते काम माझं. मालकांनी घरी बसवलंय मला. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एखादा फर्मा उलटा लागला असेल, गळाला कधी नाही."

"ती प्रत रद्दीत गेली," मी म्हटलं. किती पटकन म्हटलं! जिभेला सराव असतो.

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बोट दाखवलं. "ती काय, दुसऱ्या फळीवर. आम्हीच बांधलेली पाठ आहे, ओळखणार नाही का?"

मी हललेही नाही. त्यांनीच प्रत काढली, हातात तोलली, पानं अंगठ्याखालून सोडली आणि मध्येच थांबल्या. "आहेत की." पुस्तक माझ्यापुढे धरलं. दोनशे आठनंतरची पानं वरच्या बाजूने जोडलेलीच होती, जशी घडी घातली तशी. "हे दोन फर्मे खाली सरकून बसलेत. कटिंगचं पातं वरच्या घडीपर्यंत पोचलंच नाही. ही चूक आमची, बाई, ती मी मान्य करते. पण पानं जागच्या जागी आहेत. कुणी उघडलेली नाहीत एवढंच."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

ठकू, मी तुझं पुस्तक दोनदा वाचलं नव्हतं. एकदाही वाचलं नव्हतं. माझी पद्धत सांगते, तीस वर्षं कुणाला सांगितली नाही. पहिली साठ पानं, शेवटची तीस, आणि मध्ये चार-पाच ठिकाणी बोट घालायचं. आठवड्याला दहा-बारा पुस्तकं येतात, सगळेच असं करतात. तुझ्या पुस्तकात एकदा बोट दोनशे आठवर पडलं. मुलगी गाडीत बसून निघाली होती. पुढचं पान उलटेना. जोडलेलं आहे हे मला दिसलं होतं, ठकू. सुरी वरच्या मजल्यावर, चहाच्या खोलीत. उठायचा कंटाळा केला. सरळ दोनशे एक्केचाळीस उघडलं. 'आई गेल्याला तीन आठवडे झाले होते.' एका ओळीत मरण! परीक्षण लिहिणाऱ्याला असं काही सापडलं की तो पुढे वाचतच नाही. त्याचा लेख झालेला असतो.

नर्सबाईंचं पत्र आलं त्याच दिवशी मी कपाटातली प्रत काढून पाहिली होती. जोडलेली पानं तशीच होती. तेव्हाही उघडली नाहीत. आत काय असेल याची भीती वाटली म्हण, की उघडली तर मग खोटं बोलता येणार नाही म्हणून म्हण.

त्या बाईंनी पिशवीतून हाडाची पट्टी काढली आणि एकेक घडी सावकाश फाडली. कागदाचा कीस माझ्या टेबलावर पडत होता. झाल्यावर हाताने तो गोळा केला, पिशवीत टाकला.

"मला एवढं लिहून द्या, की पानं होती," म्हणाल्या.

"उद्या देते."

"उद्या येते."

प्रत आता समोर आहे. वाचायला बसतेय.

मावशी

१६ एप्रिल

ठकू,

वाचलं. बत्तीस पानं, एकाही ओळीवरून न घसरता.

पहिल्यांदा काय वाटलं ते सांगू? राग आला. पुस्तक भिंतीवर फेकलं मी, या वयात. तू लिहिलंयस: 'वैद्य म्हणाले, दोन दिवस, फार तर तीन. ती दाराबाहेर उभी होती, तिने ते ऐकलं. मग ती मागच्या दाराने विहिरीवर गेली, तोंड धुतलं, आणि पुढच्या दाराने आत येऊन मावशीला विचारलं, आई बरी आहे ना? मावशी काय सांगणार ते तिला ठाऊक होतं. ते खोटं तिला स्वतःच्या तोंडी नको होतं, मावशीच्या तोंडून हवं होतं.'

म्हणजे तुला माहीत होतं. डॉक्टर बोलले तेव्हा तू अंघोळीला गेली होतीस असं मी धरून चालले होते. तू माझ्यासमोर ओल्या तोंडाने आलीस आणि 'आई बरी आहे ना?' असं विचारलंस, आणि मी मूर्खासारखी म्हटलं, 'अगदी बरी आहे.' अकरा वर्षं तू मला 'फसवलंस' म्हणून तोंड दाखवलं नाहीस. अकरा वर्षं मी अपराध्यासारखी मान खाली घालून फिरले. आणि फसवलं कुणी होतं?

हा राग तासभर टिकला. मग पुस्तक उचललं, पुढचं वाचलं. परीक्षेच्या दालनात ती मुलगी नदीचा नकाशा काढायला घेते आणि तिचा हात नदीऐवजी घरापासून वैद्याच्या दारापर्यंतचा रस्ता काढतो, तरी ती पहिली येते. परत येते तेव्हा मावशी दारात उभी असते, आणि मुलगी आधी ओरडते, कारण आधी ओरडलं नाही तर तिला सांगावं लागेल. ते वाचून मी रडले. तू हे पुस्तक जगासाठी लिहिलं असशील, पण ही बत्तीस पानं तू मला लिहिली होतीस. तुझ्याच्याने पत्र झालं नाही म्हणून कादंबरी केलीस. आणि ज्या बाईसाठी लिहिलंस तिने ती न उघडता चारचौघांत सांगितलं, की लेखिकेची छाती झाली नाही.

मला लाज वाटते, ठकू. यापेक्षा चांगला शब्द शोधत बसले नाही.

जुळणीवाल्या बाई आल्या होत्या. लिहून दिलं, सही केली, खाली तारीख घातली.

मावशी

९ मे

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी इथलं सांगते.

सविस्तर कबुली लिहून संपादकांकडे नेली. पुस्तक न वाचता परीक्षण केलं, पानं होती, चौकट खोटी होती, असं स्वच्छ. त्यांनी वाचून परत दिली. "बाई, हे छापलं तर साप्ताहिक बंद करावं लागेल. तुम्ही विश्रांती घ्या." मग मी ती दुसऱ्या दैनिकाला दिली. त्यांनी आनंदाने छापली, पहिल्या पानावर, माझ्या जुन्या फोटोसकट. जिन्याखालचं टेबल गेलं. कपाटातली पुस्तकं कुणी नेली मला माहीत नाही.

प्राध्यापकांनी लगेच 'समीक्षकाची नीतिमत्ता' असा लेख लिहिला. ज्येष्ठांवर विसंबून आपली दिशाभूल झाली म्हणतात. त्यांच्या प्रतीतल्या गळालेल्या पानांचं पुढे काय झालं, ते त्यात नाही. बक्षीस दुसऱ्याला जाऊन महिना झाला. परत मागवलेल्या प्रती प्रकाशकाच्या गोदामात आहेत, पुन्हा दुकानात पाठवायला तो तयार नाही. म्हणतो, आता त्या पुस्तकाचं नाव काढलं की लोक हसतात, पुस्तकाला नव्हे, पण हसतात. मी दोनदा जाऊन बसले त्याच्याकडे. दुसऱ्यांदा त्याने पाणीही विचारलं नाही.

बाइंडिंगच्या मालकांनाही भेटले. माझं लिहून दिलेलं त्यांनी खणात ठेवलं होतं. "जागा भरली, बाई," म्हणाले. जुळणीवाल्या बाई आता औषधांचे खोके चिकटवतात. मी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी बसायला सांगितलं, चहा दिला, आणि पुन्हा खोके चिकटवायला बसल्या.

आता तुझं कार्ड. 'वाचलंस ना. मग आता पत्रं पुरे. मी पुन्हा काही लिहिणार नाही, पुस्तक नाही की पत्र नाही. एकच सांग. माझ्या पुस्तकात आई दोन दिवस मुलीला हाका मारते. ते मी मनाचं लिहिलं. तू मला म्हणाली होतीस की ती झोपेत गेली. खरं काय झालं? तिने मला हाक मारली का?'

नाही, ठकू. एकदाही नाही.

ती झोपेत गेली नाही. शेवटपर्यंत जागी होती. तुझी गाडी सुटली त्या दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, "तिने ऐकलंय. दाराशी होती, मला पाय दिसले तिचे. मला कळलंय असं तिला सांगू नकोस, मागे फिरेल." मी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. ताप डोक्यात गेलाय, काहीतरी बरळतेय, असं मी धरलं. खरंच तसं धरलं, की तसं धरणं मला सोयीचं होतं, हे आज मला सांगता येत नाही. कारण तिला माहीत होतं आणि तिनेच तुला जाऊ दिलं, तर मग मी काय केलं होतं? काहीच नाही. तुला मी पाठवलं, तुझ्यासाठी वाईटपणा मी घेतला, यावर मी अकरा वर्षं जगले. तुझ्या शिव्याही त्यासाठी चालल्या मला. बोल माझ्या एकटीला होता तोवर त्यागही माझ्या एकटीचा होता. तिचा वाटा मी तिला दिला नाही, आणि तुलाही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने किती वाजले विचारलं. मी म्हटलं, दहा. "म्हणजे पेपर सुरू झाला असेल," म्हणाली. मी हो म्हटलं. "सोपा जाऊ दे तिला." त्यानंतर बोलली नाही. अकराच्या आधी गेली.

तू परत आलीस आणि दारात ओरडलीस तेव्हा तिचं हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडात होतं. मी ते गिळलं.

मावशी